एचपीव्ही अंगात राहतो, पण अंगाला कळत का नाही? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वर्धा, यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरबद्दल बोलायला बसलं की तेच तेच प्रश्न येतात. काही गावातल्या बायांचे असतात, काही आशाताईंचे, काही नर्सिंग शिकणाऱ्या मुलींचे. ते सगळे इथे एका ठिकाणी मांडले आहेत. हा कॅन्सर एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो, आणि तो विषाणू नेमकं काय करतो हे समजल्याशिवाय पुढचा सल्ला पटत नाही, असा माझा अनुभव आहे. म्हणून त्या भागाची उत्तरं लांब झाली आहेत. नर्सिंगच्या मुलींनी ती सावकाश वाचावीत. बाकीच्यांनी आपल्या प्रश्नापाशी थेट जायला हरकत नाही.

मले ताप नाही, दुखत नाही, अंगावरून काही जात नाही. मंग तपासणी कायले करू?

कारण हा विषाणू शरीराला चाहूल लागू न देताच राहतो. तीच त्याच्या जगण्याची रीत आहे.

ताप जंतू आणत नाही, आपलं शरीर आणतं. पेशी फुटल्या, रक्तात काही परकं सापडलं, की आपल्याच पेशी रासायनिक संदेश सोडतात. त्यानं ताप चढतो, अंग मोडून येतं, सूज येते. मलेरियात तांबड्या पेशी फुटतात आणि हुडहुडी भरते, ती अशीच. एचपीव्ही पेशी फोडत नाही. रक्तात उतरत नाही. कातडीच्या आणि आतल्या नाजूक अस्तराच्या पेशींमध्येच त्याचा सगळा जन्म जातो. शरीरानं ओरडावं असं तो काही घडूच देत नाही.

गुलाबी बोंडअळी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे लवकर समजतं. बोंड वरून हिरवंगार असतं, आत अळी सरकी खात असते, आणि बोंड फोडेपर्यंत पत्ता लागत नाही. इथे सोय अशी की काही फोडावं लागत नाही, पिशवीचं तोंड नुसतं पाहून किंवा तिथला थोडासा नमुना घेऊन कळतं.

संबंधानंतर रक्त जाणं, पाळी कायमची गेल्यावर पुन्हा रक्त दिसणं, घाण वासाचं पाणी जाणं ही लक्षणं येतात, पण बहुतेक वेळा दुखणं पुढे गेल्यावर येतात. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षभरात सुमारे १ लाख २७ हजार बायकांना हा कॅन्सर झाला आणि जवळपास ८० हजार बायका त्यानं गेल्या. यातल्या कितीतरी जणींनी ‘मला काही होत नाही’ असंच म्हटलं असेल, हे मनातून जात नाही.

एचपीव्ही म्हणजे नक्की काय?

ह्युमन पॅपिलोमाव्हायरस. हा एक विषाणू नाही, मोठं कुटुंब आहे. २०० पेक्षा जास्त प्रकार ओळखले गेले आहेत आणि त्यांना नावाऐवजी क्रमांक दिलेले आहेत. हातापायाला चामखीळ करणारे वेगळे, जननेंद्रियावर कोंब आणणारे ६ आणि ११ वेगळे, आणि कॅन्सरकडे नेऊ शकणारे साधारण डझनभर वेगळे. त्यांत १६ आणि १८ सगळ्यांत घातक. जगभरातल्या गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरपैकी सुमारे ७० टक्के या दोघांमुळे होतात.

आकार जेमतेम ५५ नॅनोमीटर. आत डीएनएचं एक गोल कडं असतं, सुमारे ८ हजार अक्षरांचं. माणसाच्या डीएनएत ३०० कोटी अक्षरं असतात, त्यावरून कल्पना करा. एवढ्याशा मजकुरात जेमतेम आठ-नऊ प्रथिनांच्या सूचना मावतात. ई-१, ई-२, ई-४, ई-५, ई-६, ई-७ ही सुरुवातीला लागणारी, आणि एल-१, एल-२ ही शेवटी कवच बांधायला लागणारी. इतक्या थोड्या सामानावर तो वर्षानुवर्षं टिकतो, आणि मला या विषयात सगळ्यांत थक्क करणारं हेच वाटतं.

तो शरीरात शिरतो कसा?

कातडीच्या किंवा अस्तराच्या अगदी खालच्या थरापर्यंत पोचल्याशिवाय त्याचं काही चालत नाही. त्यासाठी बारीक खरचटणं पुरतं, डोळ्याला न दिसणारं. गर्भपिशवीच्या तोंडाशी दोन प्रकारचं अस्तर एकमेकांना जिथे मिळतं, ती जागा विशेष नाजूक असते. कॅन्सर बहुधा तिथेच सुरू होतो, आणि तपासणीत तिथेच पाहतात.

खरचटलेल्या जागी अस्तराखालचा पापुद्रा उघडा पडतो. विषाणू तिथल्या हेपरान सल्फेट नावाच्या साखरेच्या लांब साखळ्यांना चिकटतो. मग आपल्याच शरीरातलं फ्युरिन नावाचं विकर (एन्झाइम) त्याच्या एल-२ प्रथिनाचा एक तुकडा कापतं, आणि पेशी त्याला आत ओढून घेते. हे सगळं फार संथ चालतं. काही विषाणू मिनिटांत पेशीत घुसतात, याला तासन्‌तास लागतात.

पेशीत गेल्यावर तो आपल्या प्रती कशा काढतो?

नर्सिंगच्या मुली विचारतात तो हाच प्रश्न. उत्तर तीन टप्प्यांत आहे, आणि आपल्या अस्तराची रचना डोळ्यांसमोर असेल तर ते सोपं जातं. खालच्या थरातल्या पेशी विभागत राहतात. त्यांतल्या काही वर सरकतात, सरकताना चपट्या होतात, विभागणं थांबवतात आणि शेवटी मरून झडतात. तळापासून झडेपर्यंत साधारण तीन आठवडे जातात. विषाणूनं आपलं वेळापत्रक याच प्रवासाला बांधून घेतलं आहे.

पहिला टप्पा तळाच्या पेशीत. केंद्रकात शिरायला विषाणू पेशी विभागण्याची वाट पाहतो, कारण त्या वेळी केंद्रकाभोवतीचं आवरण विरघळतं. आत गेल्यावर ई-२ हे प्रथिन विषाणूच्या डीएनएवर ठरावीक जागी बसतं आणि ई-१ ला तिथे आणतं. ई-१ दुहेरी धागा उलगडतं. प्रत काढण्याचं बाकीचं सगळं यंत्र पेशीचं, कारण विषाणूकडे स्वतःचं डीएनए-पॉलिमरेज, म्हणजे डीएनएची प्रत काढणारं विकर, नाहीच. अशा रीतीनं एका पेशीत ५० ते १०० प्रती होतात, आणि तो तिथे थांबतो. हे थांबणं लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

दुसरा टप्पा नुसतं टिकून राहण्याचा. तळाची पेशी विभागली की दोन्ही लेकींमध्ये विषाणूच्या प्रती जायला हव्यात. ई-२ विषाणूचा डीएनए आपल्या गुणसूत्रांना बांधून ठेवतं. या कामात पेशीतलं बीआरडी-४ हे प्रथिन उपयोगी पडतं. गुणसूत्रं वाटली जातात तेव्हा विषाणूही सोबत वाटला जातो. हे वर्षानुवर्षं चालू शकतं आणि या काळात विषाणूची प्रथिनं अगदी नावापुरती बनतात.

तिसरा टप्पा वरच्या थरांत. इथे अडचण अशी की वर आलेल्या पेशीनं डीएनएच्या प्रती काढण्याचं यंत्र बंद केलेलं असतं. विषाणूला ते चालू हवं असतं. ई-७ हे प्रथिन पेशीतल्या आरबी नावाच्या लगामाला पकडून नष्ट करवतं, आणि पेशी पुन्हा प्रती काढायला लागते. अशा भलत्या वेळी चालू झालेल्या पेशीला पी-५३ नावाचं प्रथिन एरवी मरायला लावतं. ई-६ ते होऊ देत नाही. ते पेशीचंच ई-६-एपी हे विकर हाताशी धरतं आणि पी-५३ ची विल्हेवाट लावतं. कमी जोखमीचे ६ आणि ११ पी-५३ ला असं संपवू शकत नाहीत, हा मोठा फरक आहे. मग डीएनए दुरुस्त करणारी पेशीची यंत्रणा कामाला जुंपून प्रती शेकड्यांवरून हजारोंवर जातात.

शेवटी एल-१ आणि एल-२ बनतात. एल-१ च्या पाच-पाचच्या ७२ गटांचं कवच जुळतं. ई-४ प्रथिन पेशीच्या आतलं केराटिनचं जाळं सैल करतं. पेशी आपल्या मरणानं मरते, झडते, आणि तिच्यासोबत विषाणू बाहेर पडतो. मारलं कोणी नाही, फोडलं कोणी नाही.

जन्मजात प्रतिकारशक्तीनं त्याला तिथल्या तिथे का पकडलं नाही?

आधी तिचं काम सांगते. प्रतिकारशक्तीचे दोन भाग धरतात. एक शिकणारी, म्हणजे अँटिबॉडी आणि टी-पेशी, तिला तयार व्हायला दिवस लागतात. दुसरी जन्मजात, आपण जन्मतो तेव्हापासून सोबत असलेली आणि तासाभरात जागी होणारी. तिचा मोठा हिस्सा रक्तात नसून प्रत्येक पेशीच्या आतच असतो. पेशीच्या द्रवात डीएनए सापडणं ही धोक्याची खूण आहे, कारण आपला डीएनए केंद्रकात असायला हवा. सी-गॅस नावाचं प्रथिन असा भटका डीएनए ओळखतं आणि स्टिंग नावाच्या प्रथिनाला कळवतं. तिथून आयआरएफ-३ हे प्रथिन जागं होतं आणि इंटरफेरॉन सोडला जातो. पेशीच्या आतल्या पिशव्यांमध्ये टीएलआर-९ हे प्रथिन डीएनए ओळखतं. इंटरफेरॉन शेजारच्या पेशींना सावध करतो, विषाणूविरोधी शेकडो जनुकं चालू करतो आणि टी-पेशींना बोलावणं धाडतो.

एचपीव्ही डीएनएचाच विषाणू. म्हणजे ही यंत्रणा त्याच्यासाठीच असल्यासारखी आहे. तरी तो निसटतो.

मग निसटतो कसा?

एका युक्तीनं नाही, एकावर एक रचलेल्या अनेक युक्त्यांनी.

आधी येताना. पेशीत शिरल्यापासून केंद्रकापर्यंत त्याचा डीएनए पडद्याच्या पिशवीतच असतो. ती पिशवी गॉल्जी या पेशीच्या आतल्या भागापर्यंत मागच्या वाटेनं जाते आणि पेशी विभागताना गुणसूत्रांपाशी पोचते. पेशीच्या द्रवात डीएनए उघडा पडला तर सी-गॅसला सापडेल, तो तसा पडतच नाही. प्रवास इतका संथ का, याचा काहीसा उलगडा यात होतो.

दुसरं म्हणजे संयम. तळाच्या थरात तो ५०-१०० प्रतींवर थांबतो आणि प्रथिनं जवळजवळ बनवत नाही. कवचाची प्रथिनं प्रतिकारशक्तीला सहज ओळखू येतील अशी असतात, आणि नेमकी तीच तो सगळ्यांत वरच्या, मरणाच्या दारातल्या थरात बनवतो. टेहळणी करणाऱ्या पेशी तिथवर फारशा नसतात. तिथे मरणाऱ्या पेशी रोजच्याच, त्यामुळे कोणाला वावगं वाटत नाही.

तिसरं, आतल्या तारा तोडणं. २०१५ मध्ये दाखवून दिलं गेलं की एचपीव्ही-१८ चं ई-७ स्टिंगला चिकटतं आणि त्याचं काम थांबवतं. गंमत पाहा, ई-७ चा जो लहानसा तुकडा आरबीला पकडतो, तोच इथेही वापरला जातो. सामान थोडं, तर एकच हत्यार दोन कामांना. हे ज्या पेशींमध्ये दिसलं त्या १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या अमेरिकन बाईच्या गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरमधून, तिला न विचारता घेतलेल्या होत्या. त्या आजही प्रयोगशाळांत वाढतात आणि त्यांच्यात एचपीव्ही-१८ आहे. एचपीव्ही-१६ चं ई-६ आयआरएफ-३ ला धरतं. ई-६ आणि ई-७ मिळून टीएलआर-९ बनणंच कमी करतात. कातडीच्या पेशी एरवीही थोडा थोडा बनवत असतात तो इंटरफेरॉन-कप्पा, त्याचं जनुकसुद्धा ई-६ दाबून टाकतं.

समजा एवढं करूनही शेजारून इंटरफेरॉन आलाच. मग ऐकणारा कान बंद करायचा. इंटरफेरॉनचा निरोप आत नेणारं स्टॅट-१ हे प्रथिन विषाणू कमी करतो. एचपीव्ही-१८ चं ई-६ निरोपाच्या वाटेवरच्या टिक-२ या प्रथिनाला अडवतं. आणि हे नुसतं लपण्यासाठी नाही. स्टॅट-१ भरपूर असेल तर वरच्या थरातली प्रतींची वाढच नीट होत नाही. लपणं आणि वाढणं ही दोन कामं विषाणूसाठी वेगळी नाहीत, हे शिकवताना मी मुद्दाम अधोरेखित करते, कारण पुस्तकांत ती दोन प्रकरणांत येतात आणि मुलींच्या डोक्यात ती जुळत नाहीत.

चौथं, निरोप्यांना दूर ठेवणं. अस्तरात लँगरहान्स नावाच्या पेशी असतात. परकं काही दिसलं की त्याचा तुकडा घेऊन त्या लसिकाग्रंथीत जातात आणि टी-पेशींना दाखवतात. त्यांना अस्तरात बोलावणारं सीसीएल-२० आणि शेजारच्या पेशींना धरून ठेवणारं ई-कॅडहेरिन, ही दोन्ही विषाणू कमी करतो. लागण झालेल्या जागी लँगरहान्स पेशी विरळ होतात. आणि पेशीच्या पृष्ठभागावर आतल्या प्रथिनांचे नमुने मांडणारे एमएचसी रेणू ई-५ आतच अडकवून ठेवतं. टी-पेशी आलीच, तर तिला दाखवायला बाहेर काही नसतं.

इतकं सगळं करतो, तर लागण झालेल्या प्रत्येकीला कॅन्सर का होत नाही?

कारण पेशीही गप्प बसलेली नसते. आयएफआय-१६ आणि एसपी-१०० ही केंद्रकातली प्रथिनं विषाणूच्या डीएनएला जखडतात. इंटरफेरॉनमुळे बनणारं आयएफआयटी-१ हे ई-१ ला पकडून प्रती काढणं रोखतं. एपोबेक-३ कुळातली विकरं विषाणूच्या डीएनएची अक्षरं बदलून तो निकामी करतात. आणि महिने गेले की शिकणारी प्रतिकारशक्ती हळूहळू जागी होते. सुमारे ९० टक्के लागणी दोन वर्षांच्या आत आपोआप नाहीशा होतात किंवा सापडेनाशा होतात. लागण होणं हे फार सर्रास आहे. आयुष्यात कधी ना कधी बहुतेक बायका-पुरुषांना ती होते.

धोका त्या थोड्या जणींना, ज्यांच्यात घातक प्रकार वर्षानुवर्षं टिकून राहतो.

टिकून राहिला तर कॅन्सर कसा होतो? विषाणूला त्यात काय मिळतं?

काहीच मिळत नाही. कॅन्सरच्या पेशीतून नवे विषाणू सहसा बाहेर पडतच नाहीत, विषाणूच्या दृष्टीनं ती वाट बंद आहे. ई-६ आणि ई-७ यांनी आरबी आणि पी-५३ वर्षानुवर्षं हटवून ठेवलेले असतात, तेवढ्यात पेशीच्या स्वतःच्या डीएनएत चुका साठत जातात. विषाणूला निकामी करणारी एपोबेक विकरं आपल्याही डीएनएवर ओरखडे काढतात आणि त्यांच्या खुणा या कॅन्सरच्या पेशींत सापडतात. कित्येकदा विषाणूचं गोल कडं तुटून आपल्या गुणसूत्रात शिरतं. तसं होताना ई-२ चं जनुक मोडलं तर ई-६ आणि ई-७ वर वचक राहत नाही, आणि ती दोन्ही बेसुमार बनू लागतात.

याला साधारण १५ ते २० वर्षं लागतात. एवढा अवधी दुसऱ्या फार थोड्या कॅन्सरमध्ये मिळतो. पंचविशीत लागलेला विषाणू पंचेचाळिशीत कॅन्सर करत असेल, तर मधल्या वीस वर्षांत एकदा जरी तपासणी झाली तरी तो गाठता येतो.

या कॅन्सरमागे एचपीव्ही आहे हे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउसेन यांनी दाखवलं. त्यांच्या गटानं १९८३ मध्ये प्रकार १६ आणि १९८४ मध्ये प्रकार १८ कॅन्सरच्या गाठींतून वेगळे काढले. २००८ चं नोबेल त्यांना याच कामासाठी मिळालं.

हातावरची चामखीळ आपोआप जाते, ती कशी?

तोही एचपीव्हीच, पण वेगळा प्रकार, कॅन्सर न करणारा. महिनोन्‌महिने शरीराला तिची दखल नसते. मग कधीतरी तिथल्या काही पेशी मरतात, जन्मजात यंत्रणेला सुगावा लागतो, टी-पेशी येतात आणि चामखीळ थोड्या दिवसांत सुकून पडते. त्याच सुमाराला कोणी घोड्याचा केस बांधला असेल तर श्रेय केसाला जातं. बिब्बा किंवा चुना मात्र लावू नका. बिब्ब्यानं कातडी भाजते, पिकते, डाग राहतो. मुलांना तर मुळीच नको.

म्हणजे नवऱ्यानं बाहेर काही केलं म्हणूनच आला का?

असं म्हणता येत नाही. हा प्रश्न बैठकीत मोठ्यानं विचारला जात नाही, सगळ्या उठून गेल्यावर एखादी मागे थांबून विचारते. विषाणू संबंधातून आणि जननेंद्रियांच्या कातडीच्या स्पर्शातून पसरतो हे खरं. पण तो वर्षानुवर्षं गुपचूप राहतो. आज सापडलेला विषाणू लग्नाच्या पहिल्या वर्षातला असू शकतो, दोघांपैकी कोणाच्याही लग्नाआधीचा असू शकतो. कोणाकडून आला, कधी आला, हे कोणतीही तपासणी सांगत नाही. आशाताईंना माझं कळकळीचं सांगणं आहे: रिपोर्ट सांगताना घरात भांडण पेटेल असा एक शब्दही जाऊ देऊ नका. त्या भीतीनं बाया तपासणीलाच येत नाहीत. कंडोमनं धोका कमी होतो, पण पूर्ण जात नाही, कारण तो सगळी कातडी झाकत नाही.

पाळीत कपडा वापरल्यानं हा कॅन्सर होतो का?

नाही. या कॅन्सरच्या ९५ टक्क्यांहून अधिक केसेसमागे एचपीव्ही आहे. कपडा धुऊन उन्हात वाळवावा, ते वेगळ्या कारणासाठी. ज्या बाईला कॅन्सर झाला तिच्या स्वच्छतेवर बोट ठेवणं चूक आहे आणि निर्दयही आहे.

अंगावरून पांढरं जातं, ते एचपीव्हीचं लक्षण आहे का?

बहुधा नाही. पांढरं पाणी जाण्याची बहुतेक कारणं दुसरी असतात आणि त्यांवर साधे उपचार आहेत. घातक एचपीव्हीच्या लागणीला लक्षणंच नसतात. पण पांढरं जाण्यासाठी दवाखान्यात गेलात तर त्याच वेळी पिशवीचं तोंड पाहून घ्या. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बायकांची तपासणी केली होती. तो अभ्यास १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. ९२ टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग निघाला, आणि त्याआधी आतून तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. इतकं अंगावर काढण्याची आपल्याकडे सवय आहे.

खर्र्यानं होणारा तोंडाचा कॅन्सरही एचपीव्हीचाच का?

आपल्याकडचा गालाचा, हिरडीचा कॅन्सर मुख्यतः तंबाखू आणि सुपारीचा. खर्र्यात दोन्ही असतात. एचपीव्हीमुळे होतो तो घशातला, टॉन्सिलचा आणि जिभेच्या मुळाचा कॅन्सर. पश्चिमेकडच्या देशांत त्याचं प्रमाण मोठं आहे. विदर्भात तोंड वाचवायचं तर खर्रा सोडणं हाच उपाय.

एचआयव्ही असलेल्या बाईला धोका जास्त का?

टी-पेशी कमी असल्यामुळे विषाणू हटत नाही. अशा बाईला हा कॅन्सर होण्याची शक्यता साधारण सहापट असते आणि तो लवकर होतो. तिची तपासणी ३० ची वाट न पाहता २५ व्या वर्षापासून सुरू करायची आणि दर ३ ते ५ वर्षांनी करायची, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची औषधं, चालू ठेवणं हाही उपचाराचाच भाग.

लागण होऊन गेल्यावरही शरीर धड शिकत नाही, तर लसीनं कसं शिकतं?

हा प्रश्न एका विद्यार्थिनीनं विचारला तेव्हा मला फार आनंद झाला, कारण वरचं सगळं समजल्याशिवाय तो सुचत नाही. नैसर्गिक लागणीत कवचाची प्रथिनं वरच्या थरात बनतात आणि झडून जातात. बऱ्याच जणींत अँटिबॉडी बनतच नाहीत, बनल्या तर थोड्या. लस हेच एल-१ प्रथिन दंडाच्या स्नायूत देते. तिथे रक्तपुरवठा भरपूर, लसिकाग्रंथी जवळ, आणि ई-६, ई-७ गळा दाबायला हजर नाहीत. एल-१ आपोआप जुळून विषाणूसारखा पोकळ गोळा होतो. ठरावीक अंतरावर तीच तीच खूण असलेला हा गोळा प्रतिकारशक्तीला लगेच ओळखू येतो. अँटिबॉडी नैसर्गिक लागणीपेक्षा कितीतरी जास्त बनतात. पुढे विषाणू खरचटलेल्या जागी पोचला की त्या तिथेच पाझरतात आणि पेशीत शिरण्याआधीच त्याला धरतात. आत शिरायला त्याला लागणारे ते संथ तास इथे त्याच्यावरच उलटतात.

म्हणून लस लागण होण्याआधी, ९ ते १४ वर्षांच्या वयात. आधीच पेशीत बसलेल्या विषाणूवर ती काही करू शकत नाही. या वयात एक किंवा दोन डोस पुरतात, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये सांगितलं. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक ही लस २०२३ च्या जानेवारीत आली, ती ६, ११, १६ आणि १८ या चार प्रकारांवर आहे. तुमच्या गावात मुलींना लस कधी आणि कुठे मिळते, ते आशाताईला किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा.

लसीनं पोरीला पुढे लेकरू होणार नाही, असं म्हणतात.

खरं नाही. लसीत विषाणूचा डीएनए नसतो, नुसतं प्रथिन असतं. तिच्यामुळे लागणही होत नाही आणि वांझपणही येत नाही. उलट गर्भपिशवी काढावी लागण्याची वेळ जो आजार आणतो, तोच ती टाळते. टोचल्यावर हात दुखतो, कधी चक्कर येते, म्हणून मुलीला १५ मिनिटं बसवून ठेवावं.

एचपीव्हीवर गोळी का नाही?

विषाणूकडे स्वतःचं सामान फार थोडं आहे. प्रती काढतो त्या आपल्याच यंत्रानं, आणि ते यंत्र थांबवणारी गोळी आपल्यालाच बाधेल. अँटिबायोटिक तर विषाणूंवर चालतच नाही. कोंबांवर इमिक्विमॉड नावाचं मलम आहे. ते विषाणूला मारत नाही, टीएलआर-९ च्याच कुळातल्या टीएलआर-७ ला जागं करून तिथली जन्मजात प्रतिकारशक्ती उठवतं. ई-६ आणि ई-७ वर नेम धरणाऱ्या उपचार-लसींवर जगात काम चालू आहे. तोवर उपचार करायचा तो विषाणूवर नाही, बदललेल्या पेशींवर.

तपासणी कोणती? पीएचसीत ‘व्हिनेगर लावून पाहतात’ ती खरी आहे का?

खरी आहे. ३ ते ५ टक्के ॲसिटिक ॲसिड पिशवीच्या तोंडाला लावतात आणि मिनिटभर थांबतात. बदललेल्या पेशींत केंद्रक मोठं आणि प्रथिनं दाट असतात, तो भाग पांढरा दिसतो. सरकारी कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या बायकांसाठी दर ५ वर्षांनी ती सांगितली आहे. मुंबईत दीड लाख बायकांवरच्या अभ्यासात प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी केलेल्या याच तपासणीनं या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले.

विषाणूचा डीएनए शोधणारी एचपीव्ही चाचणी त्याहून सरस आहे. याचा पुरावा आपल्याच राज्यातला. बार्शीच्या रुग्णालयानं टाटा मेमोरियलसोबत तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात १ लाख ३१ हजारांवर ग्रामीण बायकांवर केलेल्या अभ्यासाचा निकाल २००९ मध्ये आला: आयुष्यात एकदा केलेल्या एचपीव्ही चाचणीनंही मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. हा नमुना बाई स्वतःही घेऊ शकते. लाजेमुळे मागे राहणाऱ्या बायांसाठी हे गावोगावी यायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

एचपीव्ही पॉझिटिव्ह आला. आता पिशवी काढून टाकू?

नाही. पॉझिटिव्ह म्हणजे विषाणू आहे, कॅन्सर आहे असं नाही. पुढे दुर्बिणीतून, म्हणजे कॉल्पोस्कोपीनं पाहतात. बदललेला भाग असेल तर तेवढाच थंडीनं गोठवून, उष्णतेनं जाळून किंवा तारेनं कापून काढतात, आणि बहुतेक वेळा बाई त्याच दिवशी घरी जाते. फक्त रिपोर्ट पाहून कोणी पिशवी काढायला सांगत असेल तर थांबा आणि दुसरीकडे दाखवा. सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय, नागपूरचं मेडिकल, तिथलंच राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय, यवतमाळ, अकोला, चंद्रपूरची सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं, यांपैकी जवळचं गाठा. पिशवी काढणं हे मोठं ऑपरेशन आहे. तिशी-पस्तिशीतल्या बाईला त्याची भरपाई पुढे हाडांपासून हृदयापर्यंत करावी लागू शकते, विशेषतः सोबत अंडाशयही काढले तर.

तपासणीला जाताना काय पाळायचं?

पाळी चालू नसावी. आदल्या दोन दिवसांत संबंध नको आणि आत औषध घातलेलं नको. गरोदर असाल तर आधी सांगा. दिवाळीनंतर कापसाची वेचणी लागली की बायांना दिवस मोकळा मिळत नाही, म्हणून आशाताईंनी शिबिराची तारीख त्याच्या आधी किंवा वेचणी सरल्यावर धरावी. साडी नेसून गेलात तरी चालतं, पाच-दहा मिनिटांचं काम आहे. मिळालेला कागद आधार कार्डासोबत जपून ठेवा आणि त्यावर पुढची तारीख लिहून घ्या.